चार बोटांचा आश्विन

भाद्रपद सरला, पितरं जेवून गेली, की आमच्याकडे ऊन कडक व्हायला लागतं. पाऊस गेलेला असतो, थंडी अजून यायची असते, आणि मधल्या या दिवसांत गच्चीवर वाळत घातलेली बाजरी हलवायला दुपारी वर जावं तर तळपाय पोळतात. शेजारची शिकलेली मंडळी याला ऑक्टोबर हीट म्हणतात. सासूबाई आश्विनाचं ऊन म्हणतात आणि पदर कपाळावर ओढून घेतात. मी काहीच म्हणत नाही. मला या उन्हात भीती वाटते. गोष्ट इतकीच आहे, पण कुणाला सांगायला जावं तर लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "अहो, उन्हाची कसली भीती?"

भीती उन्हाची नाही, उन्हाबरोबर जे येतं त्याची आहे. बाजरीच्या कणसांचा कोरडा वास येतो, घटातल्या मातीला हिरवे कोंब फुटतात, आणि दसऱ्याच्या तोंडावर कुठे ना कुठे कुणीतरी दाराखिडक्यांना तेलाचा रंग देत असतं. तो ओल्या रंगाचा वास नाकात गेला की मी नाकाला पदर लावून आत पळते. याला आता नऊ-दहा वर्षं होतील. मोठ्या दुष्काळानंतरचं ते पहिलं बरं पीक होतं, लोक पोटभर जेवत होते, आणि मी रोज जीव मुठीत धरून बसत होते.

मी मुळातच भित्री. माहेरी ओतूरला असताना पालीला भ्यायचे, आडात डोकवायला भ्यायचे, गणिताच्या मास्तरांना तर त्यांच्या चपलांच्या आवाजावरूनच भ्यायचे. पण त्या सगळ्या भीत्यांना काही ना काही उतारा होता. साप दिसला तर नागपंचमीला दूध-लाह्या. गोवर आला तर कडुनिंबाचा पाला आणि देवीची ओटी. दृष्ट लागली तर मीठमोहऱ्या. उतारा लागू पडायचा की नाही, हा भाग वेगळा. पण भ्यालेल्या माणसाला काहीतरी करायला मिळायचं. हात रिकामे राहिले की भीती दुप्पट होते, हे मला लग्न होऊन पिंपळे गुरवला आल्यावर कळलं.

गाव नदीच्या अलीकडे, कारखाने पलीकडे. घरची थोडी जमीन सासरे गेल्यावर वाट्याने दिलेली, आणि हे कंपनीत. सकाळी सायकल काढायची, दापोडीच्या पुलावरनं वळसा घालून पलीकडे जायचं, आणि भोंगा वाजायच्या आत कार्ड पंच करायचं. त्या दिवसांत आमच्या भागात 'मॉडर्न' या शब्दाचं पीकच आलं होतं. पिंपरीच्या बाजारात मॉडर्न टेलर्स, त्याच्या शेजारी मॉडर्न हेअर कटिंग सलून, आणि कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीनेसुद्धा रातोरात तेच नाव लावलेलं. पीठ पूर्वीसारखंच जाडंभरडं यायचं, ती गोष्ट निराळी.

यांना या शब्दाचं वेडच होतं. टेरिकॉटचा शर्ट मॉडर्न, ट्यूबलाइट मॉडर्न, कुकर तर फारच मॉडर्न. जुनं मातीचं घर पाडून पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब टाकला, तेव्हा गवंड्याला सांगून यांनी दाराला उंबरठाच ठेवू दिला नाही. पाय अडखळतो म्हणे. सासूबाई कितीतरी वेळ त्या सपाट दारात उभ्या राहिल्या.

"अरं, मग लक्ष्मीनं वळखायचं कसं, घर कुठनं सुरू झालं ते?" त्या म्हणाल्या. "आन् वाईट वंगाळ यायचं ते थांबंल कुठं?"

"आई, आता कुणी कुठं थांबत न्हाई," हे हसत म्हणाले. "थांबला तो संपला."

मला त्या वेळी यांचं बोलणं फार आवडलं होतं. मीही मॅट्रिक झालेली, वाचनालयातली पुस्तकं आणून वाचणारी. सासूबाईंच्या बाजूने बोलणं मला कमीपणाचं वाटायचं. पण खरं सांगायचं तर कुकरची शिट्टी व्हायची वेळ आली की मी आणि सासूबाई दोघीही गुपचूप बाहेरच्या खोलीत येऊन बसायचो. शिट्टी झाली की एकमेकींकडे न बघता परत आत. त्या बाबतीत आमचं कधी भांडण झालं नाही.

हे प्रेस शॉपमध्ये होते. प्रेस म्हणजे काय ते एकदा यांनी मला जेवता जेवता समजावून सांगितलं होतं. एक ताट खाली ठेवलं, दुसरं वर धरलं. खाली एक डाय, म्हणजे लोखंडी साचा, वर एक डाय, मधे पत्रा. वरचा डाय धाडकन खाली येतो आणि पत्र्याचा भाग तयार. ताटावर ताट आदळलं तशी मी दचकले.

"आणि हात?" मी विचारलं.

"हाताला काय होतंय? दोन बटणं असत्यात. एक डावीकडं, एक उजवीकडं. दोन्ही एकदम दाबल्याबिगर वरचा डाय हालतच न्हाई. म्हंजे दोन्ही हात बाहेरच आले का न्हाई? मॉडर्न मशीन हाय ते. माणसापेक्षा त्याला जास्त काळजी."

मला एवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! मी त्या न पाहिलेल्या इंजिनियरला मनोमन हात जोडले. यंत्र करताना कुणीतरी माझ्यासारख्या भित्र्या बायकोचा विचार केला होता तर. नव्या जगाबद्दल मला पहिल्यांदा खरी माया वाटली ती त्या दोन बटणांमुळे. नंतर महिनोन्‌महिने मी त्या बटणांच्या भरवशावर निवांत झोपले.

त्या आश्विनात मला सातवा महिना होता. माहेरी आई नव्हती, त्यामुळे बाळंतपण सासरीच करायचं ठरलं होतं. सासूबाईंनी माझ्या अंथरुणासमोरच्या भिंतीवर बाळकृष्णाचं कॅलेंडर टांगलं. गरोदर बाईच्या नजरेला जे पडतं ते पोटातल्या जिवाला लागतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सकाळी डोळे उघडले की आधी गुबगुबीत बाळकृष्ण, मग चहा. ग्रहणात विळीला हात लावायचा नाही, लंगडी कुत्री दिसली तर तोंड फिरवायचं. मी मनातल्या मनात हसायचे. पण डोळे उघडले की आधी बाळकृष्णाकडेच बघायचे. हसणं आणि बघणं दोन्ही चालू ठेवायला काहीच अडचण येत नव्हती.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असायची. त्या दिवशी मशिनं बंद, आणि कामगारांच्या घरच्यांना आत सोडायचे. एरवी ज्या फाटकावर पहारेकरी नाव-गाव विचारायचा तिथून त्या दिवशी बायका नऊवाऱ्या आणि नायलॉनच्या साड्या नेसून, हातात पूजेचं ताट घेऊन, खुशाल आत जायच्या. घरी आम्ही विळी, कोयता, खुरपं पुजलं. सासूबाईंनी कुणी न सांगता कुकरलाही हळदकुंकू वाहिलं. मग आम्ही तिघं निघालो.

प्रेस शॉप मी पहिल्यांदाच बघत होते. बंद असूनही मला तिथे धाप लागली. माणसापेक्षा उंच, हिरव्या रंगाची, ओळीने उभी राहिलेली यंत्रं, आणि तेलाचा वास झेंडूच्या वासालाही पुरून उरलेला. यांनी आपलं मशीन असं दाखवलं जसं कुणी नवा बैल दाखवावा. हार घातला, नारळ फोडला.

"लाव कुंकू," हे म्हणाले. "आत लाव, डायला. खरं काम तोच करतो."

तिथे लावायचं म्हणजे वरच्या आणि खालच्या डायच्या मधे हात घालायला हवा होता. मशीन बंद होतं, मेन स्विच काढलेला होता, मला सगळं माहीत होतं. तरी माझा हात पुढे जाईना. सासूबाई मागून म्हणाल्या, "लाव की गं, देव हाय त्यो." मी डोळे मिटले आणि हात आत घातला. आत गार होतं. त्या उन्हाळलेल्या दिवसात मनगटापर्यंतचा तेवढाच हात गार पडला, आणि मला वाटलं हा आता माझा राहिला नाही. कसंबसं कुंकू टेकवून मी हात ओढून घेतला आणि आधारासाठी मशीनच्या कडेला टेकले. तेव्हा मला ते डावं बटण दिसलं.

बटण आत दाबलेलं होतं. दाबूनच राहिलेलं होतं. त्याच्या आणि कडेच्या पट्टीच्या मधे लाकडाची एक पाचर घट्ट ठोकलेली होती. सुबक होती. पॉलिश केल्यासारखी गुळगुळीत, रोजच्या हाताळणीने काळी पडलेली.

"हे काय?" मी विचारलं.

"ते व्हय? ते काय न्हाई." हे जरा ओशाळले, मग सावरले. "अगं, दोन्ही हातांनी बटणं दाबत बसलो तर पत्रा कोण सरकवणार? डावा हात पत्र्याला, उजवा बटणाला. माल पटापट निघतो. सगळ्यांच्याच मशीनला असती. बघ की."

मी बघितलं. ओळीने सगळ्या हिरव्या यंत्रांना हार होते, कुंकू होतं, आणि डाव्या बटणात पाचर होती. कुणाची बाभळीची, कुणाची बांबूची. कुणीतरी तर नवमीचं म्हणून त्या पाचरीलाही कुंकवाचं बोट लावलं होतं. महिनोन्‌महिने मी ज्या बटणाच्या भरवशावर निवांत होते ते बटण या माणसांनी खिळवून टाकलं होतं, आणि त्याचीही पूजा केली होती. मी हळूच ती पाचर उपसली आणि ताटातल्या फुलांखाली लपवली. हे बघत होते. नुसते हसले. लहान मुलाने चावी लपवावी आणि दुसरी चावी आपल्या खिशात असावी, तसे.

तिथून आम्हाला कॅन्टीनमध्ये नेलं. पेढे आणि चहा तिकडे होता. कॅन्टीन नवं बांधलेलं, आणि साहेब लोकांनी म्हणे खास एक आर्टिस्ट बोलावून चहाच्या काउंटरपासून हात धुवायच्या नळापर्यंत अख्खी भिंत रंगवून घेतली होती. रंग अजून ओला होता. वास दारातच नाकात गेला.

भिंतीवर माणसं होती. म्हणजे माणसंच असावीत. गेरूच्या, काळ्या आणि निळ्या रंगाची. डोकी गोल, पण त्यांना नाक-डोळे नाहीत. अंग त्रिकोणाचं, दंड पाइपासारखे सरळ. सगळ्यांनी मिळून एक भलंमोठं चाक धरलेलं. आणि चाकावरच्या प्रत्येक हाताला अंगठा धरून चारच बोटं.

मी मोजली. पुन्हा मोजली. दुसऱ्या माणसाची, तिसऱ्याची. सगळ्यांना चारच. माझ्या ताटात फुलांखाली ती पाचर होती, पोटात बाळ आडवंतिडवं फिरत होतं, आणि समोर भिंतभर चार बोटांची माणसं आनंदाने काम करत होती.

सासूबाईंनीही बघितलं असावं. त्यांनी एकदम पुढे होऊन आपला पदर माझ्या तोंडावर धरला आणि यांच्यावर ओरडल्या.

"बगू नगंस पोरी, तिकडं बगू नगंस! नामदेवा, बाहीर काढ हिला. कुणी रं काढलं हे असलं? पोटुशा बाया यायच्या हायत म्हाईत न्हाई व्हय?"

कॅन्टीनमध्ये गडबड झाली. आणखी दोन-तीन बायकांनी आपल्या सुनांना मागे ओढलं. काउंटरजवळ एक बारीक अंगाचा, दाढी वाढलेला माणूस चहा पीत उभा होता, तो कप ठेवून पुढे आला. तोच आर्टिस्ट. मला वाटलं तो रागावेल. पण तो घाबरलेला दिसत होता.

मी सासूबाईंचा पदर बाजूला केला. का कोण जाणे, एरवी चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण मी त्याला विचारलं, "यांची बोटं कुठे गेली?"

"गेली नाहीत," तो म्हणाला. "गरज नव्हती म्हणून काढली नाहीत."

"कुणाला गरज नव्हती?"

तो थांबला. "चित्राला," असं म्हणाला खरा, पण आवाजात जोर नव्हता. मग हळूच, जणू मला एकटीलाच सांगावं तसं म्हणाला, "ताई, काढायच्या आधी मी प्रेस शॉपमध्ये बसायचो. स्केचेस करायला. तुम्ही चालू मशिनं बघितली नाहीत. हातांकडे बघवेना मला. मग मी नुसते आकार काढले. आकारांकडे बघता येतं."

त्याचं हे बोलणं मी पुढे किती वेळा आठवलं असेल. वाचनालयात येणाऱ्या दिवाळी अंकांत आधुनिक कलेवर लेख असायचे, ते मी शोधून शोधून वाचायला लागले. त्यांत लिहिलेलं असायचं की नवा चित्रकार वस्तू दिसते तशी काढत नाही. नको ते सगळं वगळतो आणि सार तेवढं ठेवतो. ठीक आहे. पण नको ते कुठलं, हे ठरवतं कोण? कंपनीनेही तेच केलं होतं. माझ्या घरातल्या हसऱ्या, चहात साखर जास्त लागणाऱ्या, उंबरठा नको म्हणणाऱ्या माणसातलं नको ते वगळून दोन हात ठेवले होते. त्या हातांनी कामाच्या घाईत एक बटण वगळलं. चित्रकाराने एक बोट वगळलं. माणसातून काय काय वगळलं तरी चालतं, याचा शोध सगळ्यांनी मिळून लावला होता. त्या शोधाला आधुनिक म्हणत असतील तर म्हणोत बापडे. मला त्यात वगळणाऱ्याची भीतीच जास्त दिसते.

पण हे नंतरचं. त्या दिवशी सासूबाई हटून बसल्या होत्या. "बोटं काढून दे," त्या आर्टिस्टला म्हणाल्या. "एकेक करंगळी काढायला किती येळ लागतोय? माझ्या नातवाच्या जिवाचा सवाल हाय."

आणि तो माणूस खरंच तयार झाला. रंगाचे डबे कोपऱ्यातच होते. त्याने एक ब्रश उचलला, पुसला, भिंतीकडे वळला.

"राहू द्या साहेब."

हे म्हणणारे कांबळेमामा होते. यांच्याच खात्यातले, वयाने मोठे, परभणीकडचे. ते मशीनची पूजा वगैरे करत नसत. दुसऱ्या दिवशी त्यांचा विहारातला कार्यक्रम असायचा, त्याच्या तयारीसाठी लवकर निघाले होते आणि जाता जाता चहाला थांबले होते. ते भिंतीशी गेले. आपला डावा हात वर केला आणि रंगवलेल्या एका हातावर, ओल्या रंगाची पर्वा न करता, अलगद टेकवला. करंगळी मुळापासून नव्हती. हात त्या हातावर बरोब्बर बसला.

"आजवर कुणी आमचं चित्र काढलं नव्हतं," मामा हसून म्हणाले. "काढलंय तर राहू द्या. पाचवं बोट काढलं तर मग ह्यात मी कुठं असल?"

आर्टिस्टने ब्रश खाली ठेवला. मामांच्या हाताला गेरूचा रंग लागला होता आणि ते कौतुकाने त्याच्याकडे बघत होते. मला वाटतं, त्या क्षणाइतकी मी आयुष्यात कधी घाबरले नाही. मामा आनंदात होते म्हणूनच घाबरले. उद्या आमचे हेही असेच हसत त्या भिंतीशी जाऊन हात लावून बघतील, असं मला स्पष्ट दिसलं.

सासूबाईंनी पदर खाली घेतला. मामांच्या जवळ गेल्या.

"लई दुखलं का रं बाबा?"

"तवा नाही दुखलं मावशी. मशीनचा आवाज एवढा, मला कळलंच नाही. दवाखान्यातनं घरी आलो, सदऱ्याची बटणं लावाया लागलो, तवा कळलं."

परत येताना पुलावर हे सायकल हातात धरून आमच्याबरोबर चालत होते. मी विनवलं, रागावले, शेवटी रडले. पाचर लावू नका एवढंच मागत होते. हे माझी समजूत घालत राहिले. "मामाचं मशीन जुनं व्हतं. माझा हात बसलाय आता. डोळं झाकून करतो." डोळे झाकून, हे ऐकून मी आणखीच रडले. ताटातली पाचर मी नदीत टाकली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हे परसातल्या पेरूच्या झाडाची एक वाळकी फांदी तासत बसलेले मी खिडकीतून पाहिलं. काम सुबक करायचे हे. नवी पाचर बसवून बघायला दाराची फट होतीच.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. बाजरी खळ्यावर आली, मळणी झाली, शेजारी फराळाचे वास सुटले. मला ऐकू यायचा तो फक्त भोंगा. भोंग्याच्या वेळा ठरलेल्या. त्या सोडून मधेच दवाखान्याच्या गाडीची घंटा किंवा कुणाची धावाधाव कानावर आली की आळीतल्या सगळ्या बायका ओट्यावर यायच्या. प्रत्येकजणी नदीपलीकडे बघायची आणि निरोपात दुसरीच्या नवऱ्याचं नाव यावं म्हणून मनात देवाचा धावा करायची. हे पाप आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. हे संध्याकाळी सायकल लावून आत आले की मी पाण्याचा तांब्या पुढे करायचे आणि तो दोन्ही हातांनी घ्यायला लावायचे. यांना वाटायचं, ही नवी काहीतरी रीत आहे, गरोदरपणातली.

सासूबाईंची भीती मात्र सगळी पोटातल्या बाळासाठी होती. भिंतीवर त्यांनी आणखी दोन बाळकृष्ण लावले. मारुतीला तेल, खंडोबाला भंडारा. एके दुपारी माझ्या पायांना तेल लावताना त्या एकदम म्हणाल्या, "सुमन, ते नवं मशीन हाय, त्याला डोळं न्हाईत. त्या चित्रातल्या माणसांनाबी न्हाईत. डोळं असलेल्या देवाला नवस बोलता येतो. ह्यांना काय बोलायचं?" नव्या जगाविषयी इतकं नेमकं मी कुठल्याही दिवाळी अंकात वाचलं नाही.

परवा नवमीला मी पुन्हा त्या कॅन्टीनमध्ये गेले होते. भिंत अजून आहे. वरणाच्या फोडणीने आणि वाफेने रंग विटलेत, चाकाच्या मधोमध कुणीतरी पंख्याचं बटण बसवलंय. नवीन पोरं तिच्याकडे पाठ करून जेवतात. साहेबांनी सांगितलं, हे जुनाट काढून टाकायचंय, काहीतरी मॉडर्न करायचंय. मला हसू आलं आणि त्याच वेळी रंगाचा वास नसतानाही माझा पदर नाकाला गेला. नव्याची भीती नवं जुनं झाल्यावर जाईल असं मला वाटायचं. ती जात नाही, तिची सवय होते.

त्या वर्षी मार्गशीर्ष लागला आणि एका सकाळी माझ्या कळा सुरू झाल्या. हे पहिल्या पाळीला गेलेले. बैलगाडीतून आणि पुढे रिक्षातून मला चिंचवडच्या प्रसूतिगृहात नेलं. फार त्रास झाला नाही. बाळ रडलं तसं मी सायकलवरून मागोमाग आलेल्या धाकट्या दिराला आत बोलावून घेतलं आणि म्हटलं, "भाऊजी, आधी कंपनीत जा. फाटकावर सांगा, आत्ताच्या आत्ता निरोप द्या म्हणावं. मुलगी झाली. पाळी सुटेपर्यंत थांबू नका." इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदाच भीतीशिवाय दुसरं काहीतरी वाटत होतं, आणि ते यांना लगेच कळायला हवं होतं. दीर सायकल दामटत गेला.

सासूबाईंनी दुपट्यातून मुलीचे हात बाहेर काढले. एकेक बोट उलगडून मोजलं. मग पायांची मोजली, आणि पुन्हा हातांची. "धा हायत गं!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "धाच्या धा! त्या चित्राच्या बाच्यानं काय झालं न्हाई!" शेजारच्या खाटांवरच्या बायकाही हसल्या.

दुपारी हे आले. अंगावर कंपनीचाच युनिफॉर्म, तेलाचा वास. दारातच उभे राहिले. दोन्ही हात खिशात होते. यांना खिशात हात घालायची सवय नव्हती. माझ्या तोंडाकडे बघून यांना समजलं असावं, कारण यांनी हात बाहेर काढले आणि माझ्यापुढे धरले. सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त दोन्ही हात थरथरत होते.

"घ्या ना हिला," मी म्हटलं.

"नको. जरा थांबू दे हात." हे खाटेच्या कडेवर बसले. मग म्हणाले, "पाचर काढून टाकली. जाळली. परत न्हाई लावायचो."

"मुलगी झाली म्हणून?" मी विचारलं.

"न्हाई गं." यांचा आवाज इतका खाली गेला की मला वाकावं लागलं. "काम चालू व्हतं. शिपाई मागनं आला. आवाजात काय ऐकू येतंय? खांद्यावर हात टाकला आन् कानात वरडला, मुलगी झाली! मी असा दचकलो. उजवा हात बटणावर पडला. डावा आत व्हता." हे आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले. "कसा बाहीर आला मला म्हाईत न्हाई. पत्रा आतच चेपला."

सासूबाई अजून खिडकीशी बाळाची बोटं मोजत होत्या, त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

"इतक्या घाईनं कुणी धाडला व्हता निरोप?" यांनी विचारलं. रागाने नव्हे, नुसतंच.

"मी," मी म्हटलं.

तेव्हापासून कुणाला आनंदाची बातमी सांगायची झाली, तर आधी मी त्या माणसाचे हात कुठे आहेत ते बघते.